तीन शेपट्यांचे साक्षीदार

ओढ्यात उभं राहून लाथा मारायचा मला पगार मिळतो. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात आणि मग विचारतात, बरं, पण खरं काय करता? खरंच तेच करते. गमबूट घालून उथळ पाण्यात उतरायचं, जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तळाशी टेकवून धरायची आणि तिच्यासमोरचे गोटे पायानं चांगले ढवळून काढायचे. गोट्यांखाली लपलेले किडे, अळ्या, गोगलगायी, जळवा सगळे उपटून जाळीत येतात. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचे आणि कोण आहे, कोण नाही ते बघायचं. कोण नाही हे जास्त महत्त्वाचं. पण हे ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.

आमच्या जलविभागाच्या कचेरीत दोन पक्ष आहेत. एक केमिस्टचा. तो बाटलीत पाणी भरून आणतो, यंत्रात घालतो आणि आकडे काढतो. दुसऱ्या पक्षात मी एकटी. केमिस्ट माणूस चांगला आहे, पण माझ्या प्राण्यांना तो 'तुझी मंडळी' म्हणतो आणि ट्रेमध्ये डोकावताना असं नाक मुरडतो, की जणू त्याला ते खायला वाढलेत. त्याला मी कितीदा सांगितलं असेल, की बाटलीला फक्त ती भरली त्या क्षणाचं कळतं. सकाळी कुणी विष सोडलं आणि तू दुपारी बाटली घेऊन आलास, तर पाणी धुतल्या तांदळासारखं दिसणार. गोट्याखाली राहणाऱ्या किड्याला मात्र सकाळही सोसावी लागते आणि दुपारही. तो तिथंच राहतो, त्याला दुसरं घर नाही. यावर केमिस्ट म्हणतो, "तुझी मंडळी कोर्टात येऊन बोलणार आहेत का?" आणि चहा प्यायला निघून जातो.

मेफ्लाय नावाची एक नाजूक माशी असते. उडायला लागल्यावर ती जेमतेम एखादा दिवस जगते, पण तिची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्यात काढतात. नखापेक्षा लहान, चपटी, सहा पायांची, आणि मागे केसासारख्या तीन शेपट्या. कचेरीत त्यांचं नाव तीनशेपटी. पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी ही जातात. म्हणून ट्रेमध्ये तीनशेपटी दिसली की मला बरं वाटतं, आणि नाही दिसली की दिवसभर मी कुणाशी धड बोलत नाही.

गेल्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा मी आमच्या ओढ्याची नेहमीची तपासणी करत होते. ओढा डोंगरातून उतरतो, गावाबाहेरच्या साकवाखालून जातो आणि पुढं नदीला मिळतो. नदीजवळच्या जागी पहिली लाथ मारली आणि ट्रे बघून मला काही उमजेना. गोगलगायी भरपूर. जळवा धडधाकट. गाळातले तांबडे कृमी मजेत वळवळतायत. बाकी कुणी नाही. तीनशेपटी नाहीत, वाळूचे कण चिकटवून स्वतःची नळी बांधून राहणाऱ्या अळ्या नाहीत, कुबडे झिंगे नाहीत. मैल्यानं हे असं होत नाही. मैला आला की आधी नाजूक मरतात, मग जरा दणकट, अशी उतरंड लागते. इथं उतरंड नव्हती. ज्यांना पाय नाहीत ते सगळे जिवंत होते आणि ज्यांना पाय आहेत ते सगळे गायब.

याचा अर्थ मला कळत होता. कुणीतरी कीटकनाशक सोडत होतं.

केमिस्टची बाटली स्वच्छ निघाली, अर्थातच. मी जाळी खांद्यावर टाकली आणि ओढ्याच्या कडेनं वर निघाले. अशा वेळी खालून वर जायचं, म्हणजे आपणच ढवळलेला गाळ आपल्या पुढच्या जागेवर येत नाही. प्रत्येक वळणावर एक लाथ, एक ट्रे. वळणामागून वळण तेच, गोगलगायी आणि जळवा. साकवाच्या खाली तेच. साकव ओलांडून वर लाथ मारली आणि ट्रे नुसता गजबजला. तीनशेपटी इकडून तिकडे धावत होती, नळीवाल्या अळ्या आपापली घरं ओढत चालल्या होत्या. म्हणजे जे काही होतं ते साकवापाशीच ओढ्यात येत होतं. आणि साकवापाशी येणारी वस्तू एकच, काठावरून निघालेला एक पाइप. तो कुठून येतो हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तो माझ्या ताईच्या अंगणातून येतो.

ताई कुत्र्यांचं वसतिगृह चालवते. लोक परगावी जाताना आपलं कुत्रं तिच्याकडे सोडतात. दाजी घर सोडून गेले त्यानंतर तिनं हे सुरू केलं. लोक म्हणतात, माणसापेक्षा कुत्री बरी असं तिला वाटलं असेल. ती म्हणते, त्यात वाटायचं काय, आहेतच. तिचा एक नियम आहे. आलेल्या प्रत्येक कुत्र्याला आधी हौदात उभं करून पिसवांच्या औषधाची आंघोळ, मगच आत. एका कुत्र्याबरोबर पिसवा आल्या की सगळं वसतिगृह खाजवत बसतं, आणि मग मालकांची तोंडं कोण बंद करणार? आई लवकर गेली. माझ्या डोक्यातल्या उवासुद्धा ताईनंच काढल्या, मानगूट धरून, मी कितीही किंचाळले तरी. किडे मारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. मी किडे जपायच्या कामाला लागले तेव्हा ती आठवडाभर हसत होती.

मी तशीच ओल्या बुटांनी तिच्या घरात शिरले. ती एका केसाळ कुत्र्याची नखं कापत बसली होती.

"ताई, आंघोळीचं पाणी कुठं सोडतेस?"

"ओढ्यात. दुसरं कुठं सोडणार? गटाराची लाइन साकवाच्या अलीकडेच संपलीय," ती मान वर न करता म्हणाली. "पण तसंच नाही सोडत हं. ये, दाखवते. तुला आवडेल."

तिनं मला परसात नेलं. हौदातलं पाणी एका सिमेंटच्या टाकीत येत होतं. टाकीत तिनं लव्हाळं लावलं होतं, तळाला रेती घातली होती, आणि पाणी वरवर निवळून मगच पाइपात जात होतं. लव्हाळ्याच्या मुळांमधून चार-पाच सोनेरी मासे फिरत होते. चांगले गुबगुबीत.

"तूच म्हणायचीस ना, बाटलीपेक्षा जनावर खरं बोलतं?" ताई म्हणाली. "म्हणून मी जनावर ठेवलं. रोज सकाळी उठल्यावर आधी इथं येते. ज्या दिवशी मासा उलटा झाला त्या दिवशी पाणी बंद, असं ठरवून टाकलंय. एक मासा मेला नाही, चिमे. उलट सुटलेत बघ कसे!"

मला तिथल्या तिथं रडू आलं असतं. कामाच्या वेळी मी रडत नाही. तिनं अगदी माझ्यासारखंच केलं होतं. कुणी सांगितलं नसताना, खपून टाकी बांधून, रोज न चुकता बघून. फक्त साक्षीदार चुकीचा निवडला होता. ते औषध बनवलेलंच असं असतं, की कुत्र्याला काही होऊ नये आणि पिसू मरावी. एवढ्या थोड्या औषधानं मासा मरत नाही. गोगलगायही मरत नाही. पण पिसू आणि तीनशेपटी एकाच खानदानातल्या. एकीला मारणारं दुसरीला सोडत नाही.

मी तिला ते सांगितलं. शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितलं, आणि माझे सरळ शब्द जरा टोचतातच.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे किडे मेले म्हणून तू माझी फरशी चिखलानं भरलीस? अगं, मी किडे मारायचंच औषध वापरते!"

"ओढ्यातले नव्हते मारायचे."

"मासे जगतायत ना?"

"तुझ्या माशांना तू दाणे घालतेस. ओढ्यातल्या माशांनी काय खायचं? ते हेच खातात."

मग टाकीकडे बघत तिनं विचारलं, "कचेरीत सांगणारेस?"

"हो."

"बहिणीचं नाव घेऊन?"

"पाइपाचं नाव घेऊन. पण तो तुझाच आहे, ताई."

"वा," ती म्हणाली. "वा गं वा." आणि आत जाऊन तिनं त्या केसाळ कुत्र्याची उरलेली नखं कापायला घेतली. मी निघाले तेव्हा तिनं दार लोटलंसुद्धा नाही. ते माझं मीच लोटून घेतलं.

कचेरीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ते मवाळ माणूस. कुणाचंच वाईट व्हावं असं त्यांना वाटत नाही, त्यामुळे त्यांच्या टेबलावर सगळ्यांचंच काम पडून असतं. पण हे प्रकरण त्यांनी पाडून ठेवलं नाही. हुकूम निघाला: औषधाच्या आंघोळी ताबडतोब बंद. थंडी संपली की साकवाखाली पुन्हा तपासणी. तोवर पाय असलेली मंडळी परत आली, तर दोष पाइपाचा, आणि आंघोळी कायमच्या बंद. नाही आली, तर दोष दुसऱ्या कशाचा तरी, आणि ताईला मोकळीक.

"बहिणीचं प्रकरण आहे," साहेब मला म्हणाले. "दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"पाठवा की. कुणाला पाठवता?"

त्यांनी कचेरीभर नजर फिरवली. केमिस्टनं घाईघाईनं यंत्रात डोकं घातलं. शेवटी असं ठरलं, की तपासणी मीच करायची, पण साक्षीला केमिस्ट हवा, आणि ताईला हवं असेल तर तिनंही उभं राहून बघावं.

आंघोळी बंद झाल्या आणि वसतिगृह हळूहळू रिकामं झालं. साध्या साबणाला पिसवा भीक घालत नाहीत. गोळ्या मिळतात, पण त्या मालकांनी घरी आधी द्यायच्या असतात, आणि मालकांच्या शब्दावर ताईचा काडीचा विश्वास नाही. तिनं दोनचार मालकांवर विश्वास ठेवून पाहिला. पिसवा झाल्या, तक्रारी झाल्या, गावात बभ्रा झाला. थंडी ऐन भरात आली तेव्हा तिच्याकडे ज्यांचे मालक न्यायलाच आले नाहीत अशीच कुत्री उरली होती. त्यांत एक म्हातारी पांढरी कुत्री होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि ती ताईच्या पायाशी चिकटून चालायची.

मी आठवड्याला एकदा जायची. ताईनं बोलणं टाकलं नव्हतं. तिला ते जमतच नाही. पण ती माझ्याशी असं बोलायची, जसं पोस्टमनशी बोलतात. दोष आपला आहे हे तिला मुळीच मान्य नव्हतं. कधी ती वरच्या मळ्यातल्या फवारणीवर घसरायची, कधी ओढ्यात कुत्री पोहायला आणणाऱ्या हौशी लोकांवर.

"मळा साकवाच्या वर आहे, ताई. साकवाच्या वर सगळे जिवंत आहेत."

"तुला सगळं माहीत. येऊ दे ऊन. तुझी मंडळी यायची नाहीत, आणि मग मी बघते तुझ्याकडे."

ती मला बघून घेणार असेल तर तेच बरं, असं मला त्या थंडीत पुष्कळदा वाटलं. आणि त्याच वेळी साकवाखालचं ते मेलेलं पाणी आठवलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. ओढा जिवंत व्हायला हवा होता, आणि ताई निर्दोष सुटायला हवी होती. दोन्ही एकदम होणं शक्य नव्हतं. मी आयुष्यभर जनावरांच्या बाजूनं बोलत आले, आणि आता जनावरांनी न येऊन मला वाचवावं अशी इच्छा करत होते. ही इच्छा मी कचेरीत कुणालाही बोलून दाखवली नाही.

तपासणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. केमिस्ट स्वतःचे गमबूट विसरून आला होता, म्हणून काठावर टाचा उंचावून उभा होता. ताई आली ती आंधळ्या कुत्रीला घेऊनच. तिला तिनं साकवाच्या कठड्याला बांधलं, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. काय मारायच्या त्या लाथा मार."

मी मारली. जाळी ट्रेमध्ये उपडी केली. गाळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघंही वाकून उभी राहिलो. गोगलगायी. जळवा. तांबडे कृमी.

"तुझी मंडळी आज रजेवर दिसतात," केमिस्ट म्हणाला. आवाज मुद्दाम हलका केलेला होता. तोही ताईच्या बाजूनंच होता हे मला तेव्हा कळलं.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवणार नाही. ओढा मेलेला होता आणि मी खूश होते. केमिस्टनं बॅगेची चेन ओढायला सुरुवात केली, पण ट्रे असा लगेच सोडायचा नसतो. हे जीव घाबरले की निपचित पडून राहतात, कचऱ्यासारखे. पाणी शांत झाल्यावर थोडा वेळ बघत बसावं लागतं. मी बघत बसले. समोर ताई उकिडवी बसली.

"हे काय गं?" तिनं बोट दाखवलं. "हा पानाचा तुकडा चालतोय."

मला तो दिसला नव्हता. मी भिंग धरलं. तुकड्याला सहा पाय होते.

"शेपट्या तीन आहेत," ताई म्हणाली. तिला भिंग लागलं नाही. तिनं वर बघितलं नाही, आवाजही चढवला नाही. "तीन म्हणजे तेच ना?"

मी भिंग पुसलं आणि परत धरलं.

"बोल की."

"तेच. पण एकावरून काही ठरत नाही. एखादं वरून वाहत येतं. एकट्याची साक्ष आम्ही धरत नाही."

"हे नियमात आहे, की माझ्यासाठी आहे?"

"नियमात आहे."

"खरं सांग."

"खरं सांगते, ताई. त्याला विचार."

केमिस्टनं मान हलवली, त्याला नियम ठाऊक असो वा नसो. नियम खराच होता. एरवी त्या नियमावर मी चिडायची, आणि आज त्याचे पाय धरावेत असं मला वाटत होतं.

ताईनं विचारलं, "मग नियमात पुढं काय म्हटलंय?"

"एकटं सापडलं तर जागा बदलून परत बघायचं."

"मग बघ. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

"ताई, आज नको असेल तर..."

"ऊन डोक्यावर येईल. उतर पाण्यात."

मी थोडी पलीकडे, पाणी जरा संथ होतं तिथं उतरले. पाइपाच्या तोंडाच्या बरोबर खाली. लाथ मारताना पायात जोर नव्हता. ताई काठावरून ओरडली, "नीट मार! हे काय गोंजारल्यासारखं?" मग मी नीट मारली. गोटे खडखडले, पाणी गढूळ झालं, जाळी जड लागली.

ट्रे मी काठावर ठेवला. गाळ बसायच्या आधीच हालचाल दिसायला लागली. ताई एकेकावर बोट ठेवत गेली. दुसरं. तिसरं. ते बघ, चौथं. मग एक नळीवाली अळी, वाळूच्या कणांचं घर पाठीवर घेऊन. पुढं तिनं मोजणं सोडून दिलं, कारण मोजण्यात अर्थ नव्हता. केमिस्टही खाली बसला होता, ट्रेच्या अगदी जवळ, आणि या वेळी त्यानं नाक मुरडलं नाही.

कठड्याशी कुत्री उगाच भुंकली आणि थांबली.

"हे तेच परत आलेत?" ताईनं विचारलं. "की दुसरे?"

"दुसरे."

"आधीचे?"

"आधीचे मेले, ताई."

तिनं मान हलवली. पानगळीपासून मी तिला हेच सांगत होते, पण तोवर ते माझं म्हणणं होतं. आता ती ट्रेकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. तिच्या हातून एखादं कुत्रं दगावलं असतं तर ती अशीच दिसली असती. मला तिचा हात धरावासा वाटला. माझे हात चिखलानं भरले होते, आणि तिनं तो धरू दिला असता की नाही हेही मला माहीत नव्हतं.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"पाइप मीच काढते उद्या," ती म्हणाली. "तुमच्या माणसाला पाठवू नका, माझं अंगण उकरून ठेवेल. बाकीच्या कुत्र्यांचं बघते मी, कुणीतरी नेईल. म्हातारीला कुणी न्यायचं नाही. तिला तू घेऊन जा."

"तूच ठेव की. एकीला कशाला..."

"वसतिगृह बंद करून मी कामाला जाणार, मग दिवसभर ती कुणाच्या पायाशी चालणार?" एवढं बोलून तिनं परत खाली बघितलं. "आणि यांना आधी सोड. ट्रे तापतोय उन्हानं."

मी ट्रे उचलायला गेले. घाईत तो तिरका झाला आणि पाणी हिंदकळून काठावर सांडायला लागलं. ताईनं ट्रे माझ्याकडून काढून घेतला, चपलांसकट ओढ्यात उतरली, आणि पाइपाच्या तोंडाखाली, जिथून ते आले होते तिथंच, एकही बाहेर राहू न देता हळूच उपडा केला.